रामानुजनच्या नावाने, सरकारच्या खर्चाने

२०१४ साली भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने एका अर्जेंटिनी तरुणाला पंधरा हजार डॉलर दिले. तरुणाचं नाव मिगेल वॉल्श, जन्म १९८७चा, घर ब्युनोस आयर्समध्ये. भारतासाठी त्याने काहीही केलं नव्हतं. संख्यासिद्धान्तातली आणि त्याच्या शेजारच्या शाखांतली काही अवघड कोडी सोडवली होती, एवढंच. पैसे दिल्लीच्या तिजोरीतले, निवड इटलीतल्या त्रिएस्त शहरातली आणि नाव कुंभकोणमच्या गल्लीत वाढलेल्या श्रीनिवास रामानुजनचं. विकसनशील देशांतल्या तरुण गणितज्ञांसाठी दरवर्षी दिलं जाणारं हे रामानुजन पारितोषिक. त्याच्या अधिकृत नावात तीन संस्था आहेत: डीएसटी, आयसीटीपी आणि आयएमयू. पहिली आपल्या केंद्र सरकारची, दुसरी त्रिएस्तची, तिसरी म्हणजे जगभरच्या गणितज्ञांचा संघ. ज्याचे पैसे त्याचं नाव आधी, हा रिवाज गणितातही चालतो म्हणायचा.

ही बातमी तेव्हा मराठी वाचकापर्यंत फारशी पोचली नाही. पोचली असती तर पहिला प्रश्न ठरलेला होता: आपल्याकडे शाळांना छप्पर नाही आणि सरकार अर्जेंटिनाच्या पोराला बक्षिसं का वाटतंय? प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. करदात्याच्या पैशातून, परदेशी तरुणाला, त्याच्या हुशारीबद्दल रोख रक्कम द्यावी का, आणि द्यायची तर कशी, याचं उत्तर सरकारने कधी सविस्तर मांडलेलं नाही. ते शोधायचं तर रामानुजनच्या आधीपासून, नॉर्वेपासून सुरुवात करावी लागते. कारण हे पारितोषिक २००५मध्ये सुरू झालं ते नॉर्वेच्या पैशावर.

नॉर्वेचा नील्स हेन्रिक आबेल १८०२मध्ये जन्मला आणि १८२९मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, क्षयाने गेला. बाप लवकर वारला, घरात कर्ज. शाळेतल्या होल्म्बो नावाच्या शिक्षकाने पोरगं ओळखलं, विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी स्वतःच्या खिशातून वर्गणी काढून त्याला शिकवलं. मग सरकारला जाग आली. १८२५मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर तो बर्लिनला आणि पुढे पॅरिसला गेला. पॅरिसच्या अकादमीला त्याने आपला सर्वांत मोठा निबंध सादर केला. तो तपासायला कोशी या बड्या गणितज्ञाकडे गेला आणि कागदांच्या ढिगात पडून राहिला. दोन वर्षांनी शिष्यवृत्ती संपली. आबेल परत आला तो नोकरीविना, उसनवारी आणि शिकवण्या करत. १८२८मध्ये लजांद्र, प्वासाँ यांच्यासह पॅरिसच्या चार विद्वानांनी थेट स्वीडन-नॉर्वेच्या राजाला पत्र लिहिलं, की या तरुणाची काही सोय करा. सोय झाली नाही. बर्लिनमध्ये नोकरी पक्की झाल्याचं पत्र निघालं तेव्हा आबेलला जाऊन दोन दिवस झाले होते. पॅरिसच्या अकादमीने आपलं मोठं पारितोषिक त्याला १८३०मध्ये दिलं, याकोबीसोबत विभागून. मेलेल्या माणसाला.

नॉर्वेला ही बोच पुढे पावणेदोनशे वर्षं राहिली. १९०२मध्ये आबेलच्या जन्मशताब्दीला त्याच्या नावाचं पारितोषिक काढायचं ठरत होतं, राजा ऑस्कर दुसरा पैसे द्यायला तयारही होता, पण १९०५मध्ये नॉर्वे स्वीडनपासून फुटला आणि बेत बारगळला. शेवटी द्विशताब्दीच्या तोंडावर, २००१मध्ये, नॉर्वेच्या सरकारने वीस कोटी क्रोनरचा आबेल स्मृती निधी जाहीर केला. २००३चं पहिलं आबेल पारितोषिक मिळालं ते फ्रान्सच्या झाँ-पिएर सेर यांना, वय शहात्तर. २००७मध्ये चेन्नईत जन्मलेल्या श्रीनिवास वरदन यांना. थोडक्यात, सव्विसाव्या वर्षी गेलेल्या मुलाच्या नावाने म्हाताऱ्यांचा सत्कार. त्या निधीतूनच थोडा वाटा गरीब देशांतल्या तरुणांकडे वळवावा, असं नॉर्वेकरांना वाटलं आणि त्रिएस्तच्या केंद्राबरोबर हे दुसरं, लहान पारितोषिक उभं राहिलं. त्याला नाव द्यायला रामानुजनपेक्षा योग्य माणूस सापडणं कठीण होतं. तोही बत्तिसाव्या वर्षी गेला.

त्रिएस्तचं केंद्रही समजून घेण्यासारखं आहे. ते १९६४मध्ये उभं केलं पाकिस्तानच्या अब्दुस सलाम यांनी. लाहोरमध्ये शिकवताना आपण जगापासून तुटलो आहोत, इथे राहून संशोधन होणार नाही, हे त्यांनी अनुभवलं होतं. गरीब देशातल्या शास्त्रज्ञाला देश सोडावा न लागता वर्षातले काही महिने अद्ययावत ग्रंथालय आणि बरोबरीची माणसं मिळावीत, यासाठी हे केंद्र. त्याचा मोठा खर्च इटलीचं सरकार उचलतं. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सोबत आहेत. म्हणजे नॉर्वेने सुरू केलेलं, पाकिस्तान्याने उभारलेल्या संस्थेतलं, इटलीच्या भूमीवरचं आणि तमिळ माणसाच्या नावाचं पारितोषिक २०१४पासून पाच वर्षांच्या कराराने भारत सरकारने आपल्या खर्चाखाली घेतलं. पुढेही डीएसटीचं नाव त्यावर राहिलं.

या पारितोषिकाच्या अटींत खरी मेख आहे. वर्षाच्या ३१ डिसेंबरला वय पंचेचाळीसच्या आत हवं. पंचेचाळिशीला तरुण म्हणणं जरा जास्तच, पण ज्या राज्यात पन्नाशीचे युवा नेते असतात तिथे तक्रार कोण करणार. दुसरी अट मोलाची आहे: उमेदवार विकसनशील देशातला तर हवाच, पण त्याचं संशोधनही विकसनशील देशात राहून झालेलं हवं. शिवाय निवड समितीने केवळ सिद्धान्ताची खोली पाहायची नाही. उमेदवार कुठून आला आणि कोणत्या परिस्थितीत हे काम झालं, हेही तोलायचं. पेपर किती, संदर्भ किती, असं मोजणाऱ्या आजच्या जमान्यात ही ओळ कोणीतरी विचार करून लिहिली आहे.

ही अट किती वेगळी आहे ते शेजारच्या दुसऱ्या पारितोषिकाशी तुलना केली की दिसतं. त्याच २००५ साली रामानुजनच्याच नावाचं आणखी एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक सुरू झालं. ते तंजावरच्या शास्त्र विद्यापीठाचं, म्हणजे खासगी पैशाचं. रक्कम दहा हजार डॉलर, वयाची मर्यादा बत्तीस, कारण रामानुजन तेवढंच जगला. पहिल्या वर्षी ते मंजुल भार्गव आणि कण्णन सौंदरराजन या दोघांना मिळालं, २००८मध्ये अक्षय वेंकटेश यांना. भार्गव आणि वेंकटेश दोघांनाही पुढे फील्ड्‌स पदक मिळालं. निवड किती अचूक! पण त्या यादीत बहुतेक नावं अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या विद्यापीठांची आहेत. खासगी संस्थेने जगातला सर्वांत हुशार तरुण शोधावा, त्यात गैर काही नाही. सरकारी पैशाने मात्र प्रिन्स्टनमध्ये बसलेल्या माणसाला आणखी दहा हजार डॉलर का द्यावेत? त्रिएस्तच्या पारितोषिकाला हा प्रश्न लागू पडत नाही. तिथे पैसा जातो लिब्रव्हिलला, हनोईला, कोलकात्याला.

२०११मध्ये ते गॅबॉनच्या फिलिबेर नांग यांना मिळालं. गॅबॉनच्या राजधानीतल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवत त्यांनी हे काम केलं होतं. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले आफ्रिकी. २०२२मध्ये सेनेगलचे मुहम्मद मुस्तफा फाल. मधल्या वर्षांत भारताच्या पैशातून ते व्हिएतनामला गेलं, दोनदा ब्राझीलला गेलं आणि २०१६मध्ये चीनच्या शू चेनयांग यांना गेलं. दिल्ली आणि बीजिंगच्या संबंधांचा पारा त्या काळात कसा वरखाली होत होता ते सगळ्यांना आठवत असेल. निवड समितीने तिकडे पाहिलं नाही आणि डीएसटीने चेक अडवला नाही. सरकारी खात्याच्या हातून झालेली ही चांगली गोष्ट आहे, तिची नोंद व्हायला हवी. देणाऱ्याचा मोठेपणा दिसतो तो पैसा आपल्या माणसाबाहेर जातो तेव्हाच. नुसत्या भारतीयांना दिलेल्या पारितोषिकाची जगात कोणी दखल घेतली नसती.

भारतीयांनाही ते मिळालं आहे आणि ते आपल्या पैशाच्या आधीपासून. २००६मध्ये सुजाता रामदोराई, २०१५मध्ये अमलेंदु कृष्ण, २०१८मध्ये ऋतब्रत मुन्शी, २०२१मध्ये नीना गुप्ता. यातले पहिले दोघे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे, मुन्शी टीआयएफआर आणि कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था या दोन्हींशी जोडलेले. कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या पलीकडे, समुद्राला लागून असलेल्या या संस्थेबद्दल मुंबईकराला माहिती असते ती बहुधा तिथल्या हिरवळीची आणि हुसेनच्या भिंतभर चित्राची. होमी भाभांनी १९४५मध्ये टाटांच्या मदतीने सुरू केलेली ही संस्था आज अणुऊर्जा विभागाच्या पैशावर चालते. म्हणजे पारितोषिकाच्या आधी कित्येक वर्षं या गणितज्ञांचा पगार, त्यांची खोली, त्यांचं ग्रंथालय जनतेच्या पैशावर चाललं होतं. पंधरा हजार डॉलर हा त्या खर्चाच्या शेवटी आलेला छोटा आकडा.

नीना गुप्तांच्या कामात तर एक मराठी धागा आहे. बेथून कॉलेजमधून पदवी, भारतीय सांख्यिकी संस्थेतून पीएच.डी., काही काळ टीआयएफआर, असा त्यांचा प्रवास. त्यांनी निकालात काढलेला प्रश्न झारिस्की या गणितज्ञाच्या नावाने ओळखला जातो. शाळेत आपण समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा समान अवयव छाटून टाकतो. तसं भूमितीत करता येतं का? दोन आकृत्यांना प्रत्येकी एकेक रेषा गुणली आणि येणाऱ्या मोठ्या आकृत्या एकसारख्या निघाल्या, तर रेषा छाटून मूळ आकृत्या एकसारख्या म्हणता येतील का? एका मितीत, म्हणजे वक्रांसाठी, हे चालतं असं १९७२मध्ये श्रीराम अभ्यंकर, ईकिन आणि हाइन्झर यांनी सिद्ध केलं होतं. हे अभ्यंकर म्हणजे आपले अभ्यंकर, ज्यांनी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात असतानाच १९७६मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. दोन मितींतही, एक आकृती सपाट प्रतल असेल तर, पुढे इतरांनी होकार मिळवला. तीन मितींत मात्र, धन कॅरेक्टरिस्टिकच्या जगात, म्हणजे जिथे एक ठरावीक वेळा मिळवला की शून्य येतो तिथे, छाटणी चालत नाही हे नीना गुप्तांनी २०१४च्या सुमारास दाखवून दिलं. रामानुजन पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री. हे सगळं काम भारतात झालं, कुठलाही परदेशी शिक्का त्यावर नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. अट कितीही चांगली असली तरी पारितोषिक माणसाला बांधून ठेवत नाही. सुजाता रामदोराई पुढे कॅनडात गेल्या, ब्राझीलचे आधीचे विजेते फर्नांदो कोडा मार्केस प्रिन्स्टनला, शू चेनयांग अमेरिकेला. कोणी म्हणेल मग पैसे वाया गेले. मला तसं वाटत नाही. माणूस कुठे जाईल हे ठरवण्याचा अधिकार बक्षीस देणाऱ्याला नाही. गणित आधीच इथे झालेलं असतं आणि इथे होऊ शकतं हे विद्यार्थ्यांनी पाहिलेलं असतं. पण पारितोषिकामुळे प्रतिभेची गळती थांबते, असा दावा जर कोणी मंत्री करणार असेल, तर ही यादी त्याच्यापुढे ठेवावी.

आता रामानुजनकडे. त्याच्या गोष्टीतली देवी नामगिरी आणि हार्डीची टॅक्सी सगळ्यांना पाठ आहे. पैशाची बाजू क्वचित सांगितली जाते.

एफ.ए.ची परीक्षा पुन्हा पुन्हा नापास झालेला, पदवी नसलेला हा मुलगा काही काळ नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी खिशातून दिलेल्या महिना पंचवीस रुपयांवर जगला. १९१२मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांची कारकुनी मिळाली. १९१३च्या जानेवारीत त्याने केंब्रिजचा गणितज्ञ हार्डी याला पत्र लिहिलं. त्यानंतर चक्रं फिरली ती सरकारी यंत्रणेत, हे विसरलं जातं. वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले असताना त्यांनी वह्या पाहिल्या आणि विद्यापीठाला शिफारस धाडली. महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती सुचवली गेली. नियम आडवा आला: ती एम.ए. झालेल्यांसाठी होती. तेव्हा सिंडिकेटमध्ये न्यायमूर्ती सुंदरम अय्यर उठले आणि म्हणाले की, विद्यापीठाच्या कायद्याच्या प्रास्ताविकेतच संशोधनाला उत्तेजन देणं हा हेतू लिहिला आहे. नियम वाकवला गेला. १ मे १९१३पासून रामानुजनला पंचाहत्तर रुपये सुरू झाले, दोन वर्षांसाठी. बदल्यात दर तीन महिन्यांनी अहवाल द्यायचा. असे तीन अहवाल त्याने दिले. सरकारी अटीपोटी लिहिलेले हे कागद पुढे गणिताचा दस्तऐवज ठरले. त्यातला एक प्रमेय आज रामानुजनचा ‘मास्टर थिअरम’ म्हणून शिकवला जातो. उपयोगिता प्रमाणपत्र भरणाऱ्या आजच्या संशोधकांना हे वाचून हसू येईल की रडू, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

इंग्लंडचा प्रवासही असाच झाला. नेव्हिल नावाच्या केंब्रिजच्या तरुण गणितज्ञाने मद्रासमध्ये तळ ठोकून विद्यापीठाला पत्र लिहिलं, पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष फ्रान्सिस स्प्रिंग यांनी गव्हर्नरच्या कचेरीत शब्द टाकला आणि वर्षाला अडीचशे पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. मार्च १९१४मध्ये रामानुजन जहाजात बसला. हार्डीने हिरा ओळखला हे खरं. जहाजाचं भाडं मद्रासच्या सार्वजनिक पैशातून गेलं, हेही तितकंच खरं.

१९१३ हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहण्याजोगं आहे. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. मुदत तीन वर्षांची. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७मध्ये तिथला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. पुन्हा लंडनला जायला १९२० उजाडलं, तेही स्वतः साठवलेल्या आणि उसन्या पैशावर. त्याआधी एक पिढी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९मध्ये सीनियर रँग्लर होऊन आले. रँग्लर परांजप्यांचं कौतुक महाराष्ट्राने पुढे पन्नास वर्षं केलं. शिष्यवृत्तीचं कौतुक कोणी केल्याचं वाचनात नाही.

रामानुजनच्या पैशाचा शेवटचा अध्याय मला सर्वांत थोर वाटतो. जानेवारी १९१९मध्ये, आजारी अवस्थेत, भारतात परतण्याच्या तयारीत असताना त्याला कळलं की मद्रास विद्यापीठाने आणखी वर्षाला अडीचशे पौंड मंजूर केले आहेत. त्याने रजिस्ट्रारला उत्तर लिहिलं. आशय असा: ही रक्कम माझ्या गरजेपेक्षा जास्त आहे; पन्नास पौंड आई-वडिलांना द्यावेत आणि माझा जरुरीचा खर्च भागून उरेल ते गरीब आणि अनाथ मुलांची फी कमी करण्यासाठी आणि शाळांना पुस्तकं देण्यासाठी वापरावं. फी भरता येत नाही म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९२०च्या एप्रिलमध्ये तो गेला.

त्याची पत्नी जानकी तेव्हा विशीतली. विद्यापीठाने तिला महिना वीस रुपये पेन्शन बांधून दिली. ती भावाकडे मुंबईला आली, काही वर्षं इथे राहिली, शिवणकाम शिकली आणि पुढे मद्रासला परतून शिवणाच्या मशीनवर पोट भरत राहिली. १९८१मध्ये एका मुलाखतीत तिने विचारलं, माझ्या नवऱ्याचा पुतळा उभारणार म्हणाले होते, कुठे आहे तो? ते वाचून अमेरिकेतल्या रिचर्ड अॅस्की या गणितज्ञाने जगभरच्या गणितज्ञांकडून वर्गणी गोळा केली आणि पॉल ग्रॅनलुंड या शिल्पकाराकडून अर्धपुतळा घडवून घेतला. सरकारच्या पैशाची गोष्ट चालली असताना ही वर्गणीची गोष्ट सांगितली, कारण सरकारने जयंती, राष्ट्रीय गणित दिवस, टपाल तिकीट सगळं केलं आणि पुतळा मात्र वर्गणीतून आला.

मग आजची स्थिती. सप्टेंबर २०२२मध्ये केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखाली एक बैठक झाली. विज्ञानाशी संबंधित खात्यांचे मिळून तीनशेच्या घरात पुरस्कार होते, त्यातले दोनशेहून अधिक एकट्या डीएसटीच्या यादीत. बहुतेक बंद करायचे ठरलं. छाटणी गरजेची होती, यात मला शंका नाही; कोणालाच आठवत नाहीत असे पुरस्कार आणि व्याख्यानमाला त्यात भरपूर होत्या. पण छाटणीच्या गोंधळात शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराची घोषणाही त्या वर्षी रखडली. २६ सप्टेंबरला व्हायची ती एक वर्षाने, सप्टेंबर २०२३मध्ये झाली. पंचेचाळिशीची अट असलेल्या पुरस्कारात एक वर्ष गळणं म्हणजे एखाद्याची कायमची संधी गळणं. भटनागरमध्ये पाच लाख रुपये आणि वयाच्या पासष्टीपर्यंत महिना पंधरा हजार मिळत. आता त्या जागी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले. तरुणांचा विभाग भटनागरांच्याच नावाने आहे, पण रोख रक्कम गेली. पदक आणि मानपत्र. २०२४च्या पहिल्या फेरीनंतर आधीच्या भटनागर विजेत्यांपैकी काहींनी प्रधान वैज्ञानिक सल्लागारांना पत्र लिहून निवडीची प्रक्रिया उघड करण्याची मागणी केली.

निवडीत सरकारने हात घालू नये, हे सांगायला महाराष्ट्राला दिल्लीचं उदाहरण लागत नाही. डिसेंबर २०२२मध्ये राज्य सरकारने अनघा लेले यांना कोबाड गांधींच्या पुस्तकाच्या अनुवादासाठी जाहीर केलेला वाङ्मय पुरस्कार शासन निर्णय काढून रद्द केला आणि निवड समितीच बरखास्त केली. ज्या समितीला आपणच नेमलं तिचा निकाल पटला नाही म्हणून समितीच काढून टाकायची! त्रिएस्तच्या पारितोषिकात हे घडू शकत नाही, कारण पैसा भारताचा असला तरी निवड गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाच्या सहभागाने नेमलेल्या समितीची. पैसा देणारा आणि निवडणारा यांच्यात समुद्र आहे, तो बरा.

पैशाचा हिशेबही करून पाहू. पंधरा हजार डॉलर म्हणजे साधारण तेरा लाख रुपये. जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्याची सुरुवातीची फेलोशिप, २०२३मध्ये वाढवून महिना सदतीस हजार झाली. त्या दराने एका विद्यार्थ्याचे तीन वर्षांचे होतात तेरा लाख बत्तीस हजार. म्हणजे जगात मान मिळवून देणारं हे पारितोषिक सरकारला वर्षाला एका विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या फेलोशिपएवढं पडतं. स्वस्त सौदा आहे. २०२५मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखला राज्य सरकारने तीन कोटी रुपये दिले. दिले ते योग्यच केलं, एकोणीस वर्षांच्या मुलीने ते कमावले होते. पण दोन कोटींची ठेव सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला चौदा लाख व्याज येतं, म्हणजे असं एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक महाराष्ट्रालाही परवडतं, महागाईसाठी थोडी भर दर काही वर्षांनी घालावी लागेल इतकंच. नॉर्वेने एकदा निधी काढला. आपण पाच पाच वर्षांचे करार करतो आणि प्रत्येक करारानंतर फाइल कोणत्या टेबलावर आहे ते शोधतो.

आणि फाइल शोधण्यात महाराष्ट्रातल्या संशोधक विद्यार्थ्यांचा हात कोणी धरणार नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या तिन्ही संस्था राज्याच्या पैशातून पीएच.डी. करणाऱ्यांना फेलोशिप देतात. या मुलांनी गेल्या काही वर्षांत आझाद मैदानावर धरणी धरली, उपोषणं केली, कधी संख्या कमी केली म्हणून, कधी नोंदणीच्या तारखेपासून पैसे मिळावेत म्हणून, कधी हप्ता थकला म्हणून. डिसेंबर २०२३च्या नागपूर अधिवेशनात सारथीची संख्या दोनशेवर आणल्याचा प्रश्न निघाला तेव्हा, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले. त्यावर बराच गदारोळ झाला. त्या वाक्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती थकलेल्या हप्त्यांची. खेड्यातून पुण्याला येऊन खोली भाड्याने घेतलेल्या मुलीला आठ महिन्यांचे पैसे एकदम मिळाले काय आणि न मिळाले काय, मधल्या काळात तिने प्रयोगशाळा सोडून शिकवणीवर्ग धरलेला असतो. आबेलने दुसरं काय केलं होतं?

म्हणून माझं म्हणणं असं की, तरुणांसाठीचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक सार्वजनिक पैशातून जरूर द्यावं. कोणी सेनेगलचा गणितज्ञ भारताच्या पैशाने सन्मानित होत असेल तर त्याचा अभिमान बाळगावा. रामानुजन पारितोषिकासाठी केंद्राने आता पाच वर्षांच्या कराराऐवजी कायमचा निधी बाजूला काढावा. आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळातल्या सदस्यांनी, नवा पुरस्कार जाहीर करण्याचा मोह होईल त्या अधिवेशनात, एक तारांकित प्रश्न आधी विचारावा: बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या संशोधकांची आज किती रक्कम थकीत आहे, आणि ती कोणत्या तारखेला खात्यात जमा होणार?